बघ्याची भूमिका: रस्त्यावरची छेडछाड आणि पुरुषांचा हस्तक्षेप

एसटीच्या गर्दीत मागून लागणारा कोपर, कॉलेजच्या फाटकासमोर रोज त्याच वेळी येऊन थांबणारी दुचाकी, टपरीवरून आलेली शिट्टी, रेल्वेच्या जिन्यावर ‘चुकून’ बसलेला धक्का, मोबाइलवर चोरून काढलेला फोटो. सार्वजनिक जागी स्त्रियांना होणाऱ्या त्रासाचा पल्ला इथून सुरू होतो आणि पाठलाग, हल्ला, बलात्कारापर्यंत जातो. यातल्या हलक्या समजल्या जाणाऱ्या टोकाला मराठीत ‘छेडछाड’ म्हणतात आणि गंभीर टोकाला ‘विनयभंग’. दोन्ही शब्द अडचणीचे आहेत. पहिल्याला खोडी काढल्याचा, थट्टेचा वास आहे. दुसऱ्यात गुन्हा पुरुष करतो आणि भंगतो तो बाईचा विनय. इंग्रजीतून आलेला ‘ईव्ह टीझिंग’ या दोघांहून वाईट, कारण त्यात बाई म्हणजे मोह घालणारी आदिस्त्री असे आधीच ठरून गेलेले असते. ज्या गोष्टीचे नावच खोडी, ती अडवायला सहसा कोणी उठत नाही.

या त्रासावर आजवर जे बोलले गेले ते दोघांशी. छेड काढणाऱ्याला कायद्याचा धाक दाखवण्यात आला आणि जिची छेड निघते तिला सूचना देण्यात आल्या: उशीर करू नकोस, एकटी जाऊ नकोस, मागच्या दाराने चढू नकोस. सूचनांचे हे बाड मुलींना इतके पाठ असते की पर्स छातीशी धरणे आणि गर्दीच्या बसमध्ये सेफ्टी पिन हाताशी ठेवणे आया लेकींना शिकवतात. उरलेले सगळे, म्हणजे त्याच बसमधले, त्याच फलाटावरचे, त्याच कट्ट्यावरचे लोक, मात्र या चर्चेच्या बाहेर राहिले. बातमीत त्यांच्यासाठी एक ठरलेले वाक्य असते: ‘नागरिकांनी बघ्याची भूमिका घेतली.’ रात्रीचा फलाट, नाका किंवा कट्टा घेतला तर या बघ्यांत पुरुषच जास्त. त्यांना बोलते आणि हलते कसे करायचे, हा या लेखाचा विषय आहे.

बघे गप्प का राहतात

या प्रश्नाचा अभ्यास न्यूयॉर्कमधल्या एका खुनापासून सुरू झाला. मार्च १९६४ मध्ये क्वीन्स भागात एका तरुणीवर रात्री चाकूहल्ला झाला आणि ३८ शेजाऱ्यांनी खिडकीतून तो पाहूनही काही केले नाही, अशी बातमी तिथल्या मोठ्या दैनिकात आली. बिब लाताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी त्यानंतर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. १९६८ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात खोलीत हळूहळू धूर सोडला जाई. खोलीत एकटाच असलेल्या माणसांपैकी ७५ टक्के उठून कळवायला गेले. तिघे अनोळखी एकत्र बसले असता जेमतेम ३८ टक्के गटांतून कोणी उठले. प्रत्येकजण दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, दुसरा शांत दिसतो, म्हणून काही घडत नसावे असे धरून चालतो. जबाबदारीही वाटली जाते आणि वाटता वाटता कोणाच्याच वाट्याला येत नाही.

पाठ्यपुस्तके बहुधा इथेच थांबतात, आणि ते बरोबर नाही. ३८ साक्षीदारांची ती बातमी फुगवलेली होती, असे २००७ मध्ये अभ्यासकांनी कागदपत्रांनिशी दाखवले. पुढे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या २१९ भांडणांचा अभ्यास झाला, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत निदान एक तरी त्रयस्थ मध्ये पडलेला आढळला. गर्दी जितकी जास्त, तितकी कोणीतरी मध्ये पडण्याची शक्यताही जास्त. माणसे स्वभावतः षंढ असतात हा चौकाचौकांत ऐकू येणारा निष्कर्ष या पुराव्यावर टिकत नाही.

मग छेडछाडीच्या वेळी हीच माणसे का थिजतात? त्याचे एक कारण त्रासाच्या घडणीतच आहे. रस्त्यावरची मारामारी उघड असते. बसमधला कोपर तसा नसतो. तो ‘गर्दी आहे हो’ म्हणून नाकारता यावा अशाच बेताने मारलेला असतो. शेजारी उभ्या असलेल्याला खात्री होईपर्यंत थांबा येतो आणि उतरणारा उतरून जातो. दुसरे कारण नात्याचा अंदाज. १९७६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात एक पुरुष एका बाईवर हात उगारतो असा देखावा उभा केला होता. ‘मी तुला ओळखत नाही’ असे ती ओरडली तेव्हा ६५ टक्के लोकांनी मध्ये पडण्याचा प्रयत्न केला. ‘तुझ्याशी लग्न का केले कोण जाणे’ असे ओरडली तेव्हा फक्त १९ टक्क्यांनी. आपल्याकडे ‘त्यांचा आपसातला मामला’ हे वाक्य याच जागी येते आणि पाठलाग करणाऱ्यांना ते पुरेपूर माहीत असते. ‘आमचे भांडण चालू आहे, तुम्ही जा’ एवढे म्हटले की बघे पांगतात.

तिसरे कारण पुरुषांना पुरुषांची वाटणारी भीती. ती फक्त चाकूची नसते. एखाद्या घोळक्यात बायकांवर शेरे मारले जात असताना त्यातल्या अनेकांना ते आवडलेले नसते. पण बाकीच्यांना मजा येते आहे असे प्रत्येकाला वाटत असते. हा परस्परांविषयीचा गैरसमज ॲलन बर्कोविट्झ यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या विद्यापीठांतून मांडला. सौदी अरेबियातही त्याच्या जवळचे काही सापडले: बायकांनी घराबाहेर काम करावे हे बहुतेक पुरुषांना खासगीत मान्य होते, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना ते मान्य नसणार असे ते धरून चालले होते. एकाने तोंड उघडले तर हा फुगा फुटतो. उघडत नाही तोवर शेरे मारणारा स्वतःला सगळ्या घोळक्याचा प्रतिनिधी समजतो.

अंबोली आणि सदाशिव पेठ

महाराष्ट्रात या विषयावर बोलणे निघाले की दोन घटनांचा उल्लेख होतो.

२० ऑक्टोबर २०११ च्या रात्री मुंबईत अंधेरी पश्चिमेच्या अंबोली भागात एका उपाहारगृहाबाहेर मित्रमैत्रिणींचा एक गट उभा होता. एकाने त्यातल्या मुलींची छेड काढली. दोघा तरुणांनी त्याला हटकले, बाचाबाची झाली, तो निघून गेला. थोड्या वेळाने तो साथीदार आणि चाकू घेऊन परतला. एका तरुणाचा त्याच रात्री मृत्यू झाला, दुसऱ्याचा ३१ ऑक्टोबरला रुग्णालयात. रस्त्यावर माणसे होती आणि ती बघत राहिली, हा सल त्या वेळच्या चर्चेत सर्वांत खोल होता. चौघांना जन्मठेप झाली ती मे २०१६ मध्ये, म्हणजे साडेचार वर्षांनी.

२७ जून २०२३ च्या सकाळी पुण्याच्या सदाशिव पेठेत, पेरुगेटच्या परिसरात, एका ओळखीच्या तरुणाने एका विद्यार्थिनीवर कोयता उगारला. ती जीव घेऊन धावली. रस्त्याकडेला लोक होते. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने धावत जाऊन हल्लेखोराचा कोयत्याचा हात धरला, मग आणखी हात आले आणि मुलगी वाचली. पुढचे काही दिवस त्या मुलाचे सत्कार झाले, बक्षिसे जाहीर झाली.

पहिल्या घटनेतून ‘मध्ये पडाल तर मराल’ हा धडा घेतला गेला आणि दुसरीतून ‘मर्द असाल तर मध्ये पडा’ हा. दोन्ही धडे चुकीच्या क्षणाकडे बोट दाखवतात. कोयता उगारला गेल्यावर काय करावे हे शिकवता येत नाही, तिथे माणूस प्रतिक्षिप्त वागतो. शिकवता येते ते आधीचे. अंबोलीत हटकणे चुकले नव्हते. पण छेड काढणारा निघून जाणे म्हणजे प्रसंग संपणे नव्हे, त्याच वेळी जागा सोडायची आणि पोलिसांना फोन करायचा, हे त्या वयाच्या मुलांना कोणीच सांगितलेले नसते. सदाशिव पेठेसारख्या, ज्याला बातम्या ‘एकतर्फी प्रेम’ म्हणतात त्या प्रकरणांत तर कोयत्याआधी बरेच काही होऊन गेलेले असते. फोन, पाठलाग, धमक्या हे सगळे हल्लेखोराच्या मित्रांच्या डोळ्यांदेखत घडते. ‘भाई, सोड तिचा नाद’ म्हणणारा एकही मित्र नसणे आणि ‘भिडू, तू बोल, उचलून आणू’ म्हणणारे चार असणे, यात फरक पडतो. पुरुषांनी हस्तक्षेप करायची खरी जागा तिथे आहे, आणि बक्षिसे मात्र कोयत्याच्या हातासाठी राखून ठेवलेली असतात.

पुरुषांशी बोलण्याचा इतिहास

६ डिसेंबर १९८९ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात एका बंदूकधाऱ्याने अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या वर्गात शिरून मुलगे आणि मुली वेगळे केले, मुलग्यांना बाहेर जायला सांगितले आणि गोळीबार सुरू केला. त्या दिवशी १४ स्त्रिया मारल्या गेल्या. जेमतेम चार महिन्यांनी, मार्च १९९० मध्ये, उल्हासनगरला दहावीच्या परीक्षेच्या वर्गात चार तरुण घुसले, धाक दाखवून इतरांना हटवले आणि एका विद्यार्थिनीला जाळून मारले. दोन खंडांतल्या या घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण दोन्हींनी आपापल्या समाजातल्या काही पुरुषांना एकच प्रश्न पाडला: बाहेर काढले गेलेले पुरुष पुढे काय करणार?

कॅनडात १९९१ मध्ये पुरुषांनी पांढरी फीत लावण्याची मोहीम सुरू केली. ती पुढे अनेक देशांत गेली. त्याच वर्षी मुंबईत पत्रकार सी. वाय. गोपीनाथ यांनी इंग्रजी दैनिकात एक छोटी जाहिरात दिली: बायकोला मारणे चूक आहे असे मानणारे पुरुष हवे आहेत. २०५ पुरुषांनी प्रतिसाद दिला. त्यातून उभ्या राहिलेल्या मंडळींनी १९९३ मध्ये ‘मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज’, म्हणजेच ‘मावा’, ही संस्था स्थापन केली. हरीश सदानी हे तिच्या संस्थापकांपैकी एक आणि आजवरचा तिचा ओळखीचा चेहरा. १९९६ पासून संस्थेचा ‘पुरुष स्पंदनं’ हा वार्षिक अंक निघू लागला. पुण्यात ‘पुरुष उवाच’ गटाने याच सुमारास आपल्या परीने हे काम चालवले होते आणि विद्या बाळ यांच्या पुढाकाराने नारी समता मंचात पुरुषांसाठी संवादाची जागा तयार झाली. स्त्री चळवळीतल्या अनेकींना या पुरुष गटांबद्दल सुरुवातीला शंका होती: आधीच तुटपुंजा असलेला निधी आणि व्यासपीठ इथेही पुरुषच घेणार का? ती शंका आजही पूर्ण गेलेली नाही, आणि जायचे कारणही नाही.

सुरुवातीचे काम घरातल्या हिंसेभोवती होते. रस्त्याकडे वळण आले ते तरुणांमुळे. ‘मावा’ने २००६ मध्ये पुण्यात विद्यापीठाच्या राष्ट्रीय सेवा योजनेबरोबर ‘युवा मैत्री’ हा उपक्रम सुरू केला. निवडक महाविद्यालयीन मुलांना निवासी शिबिरांत तयार करायचे आणि त्यांनी आपापल्या कॉलेजात इतरांशी बोलायचे, अशी त्याची रीत. शिबिरात पहिले काही तास बायकांचा विषय निघतच नाही; मुले स्वतःच्या शरीराबद्दल, हस्तमैथुनाबद्दल, बापाच्या माराबद्दल बोलतात. ज्याला आपले भय बोलता आले आहे त्याला दुसऱ्याचे भय दिसते, हा त्यामागचा हिशेब. भाषण ठोकणाऱ्या पाहुण्यापेक्षा ही रीत संथ आहे, पण तिला पर्याय सापडलेला नाही.

मुंबईत याच काळात आणखी तीन प्रयोग झाले. ‘यारी-दोस्ती’ हा वस्त्यांमधल्या तरुणांसाठीचा अभ्यासक्रम मूळ ब्राझीलमधला. ‘कोरो’ संस्थेच्या मुलांनी तो आपल्या बोलीत आणला. महापालिकेच्या शाळांत २००८ ते २०१० दरम्यान सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी लिंगसमतेचे तास घेतले गेले. तिसरा, ‘परिवर्तन’, विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. त्यात क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार केले गेले आणि त्यांनी सरावाच्या जोडीने मुलांशी बोलायचे असे ठरले. शाळकरी क्रिकेटपटूच्या आयुष्यात सरांचा शब्द बापाच्या शब्दाहून जड असतो. पाहणीत आढळले ते असे: मुलांची मते सुधारली, आणि छेडछाड पाहून हसणे, दाद देणे, सामील होणे हे वागणे कमी झाले. पुढे होऊन अडवण्याचे प्रमाण मात्र तसे ठळकपणे वाढले नाही.

हा निकाल निराशाजनक म्हणून वाचला जातो. तो तसा वाचू नये. छेड काढणारा बहुधा एकट्यासाठी छेड काढत नाही. त्याला प्रेक्षक लागतात. टपरीवरच्या चौघांपैकी एकाने शेरा मारला आणि उरलेल्या तिघांचे चेहरे कोरे राहिले, तर दुसरा शेरा मारायला तोंड उघडत नाही. हसू आवरणे हाही हस्तक्षेप आहे, त्यात ना छातीची गरज ना चाकूची भीती.

शाळेच्या पातळीवरचा सर्वांत भक्कम पुरावा हरियाणातला. तिथल्या ३१४ सरकारी शाळांपैकी काहींत ‘ब्रेकथ्रू’ संस्थेने सातवी ते दहावीच्या टप्प्यात वर्गचर्चांचा अभ्यासक्रम राबवला. कोणत्या शाळेला तो द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवले होते, त्यामुळे तुलना चोख झाली. मुलामुलींची मते समतेकडे सरकली आणि अभ्यासक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही ती तशीच होती. वागण्यातला बदल मुलग्यांनी जास्त सांगितला, कदाचित मुलींच्या हातात बदलण्यासारखे तितके नसल्यामुळे. दिल्लीत महाविद्यालयीन मुलांना लैंगिक छळाविषयी दिलेल्या प्रशिक्षणाची पाहणीही उपयोगी आहे: त्यांच्या वर्गातल्या मुलींनी त्रास कमी झाल्याचे सांगितले. तिथेही मुलांचे मन पालटले यापेक्षा, बाकीच्या पोरांना हे चालणार नाही ही जाणीव जास्त कामाला आली.

हस्तक्षेपाचे प्रकार

अमेरिकेत २००५ मध्ये ‘हॉलाबॅक’ नावाने सुरू झालेल्या गटाने त्रयस्थांसाठी पाच मार्ग लोकप्रिय केले आणि आज जगभरातली बहुतेक प्रशिक्षणे त्यांवर आधारलेली आहेत. लक्ष वळवणे, दुसऱ्याला सांगणे, नोंद ठेवणे, नंतर विचारपूस करणे आणि थेट बोलणे. शेवटचा मार्ग मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण लोकांच्या डोक्यात तो एकटाच असतो.

संध्याकाळच्या, तालुक्याहून गावाकडे निघालेल्या एसटीचा प्रसंग घ्यावा. कॉलेजच्या दोन मुली खिडकीच्या बाकावर आहेत. मागच्या बाकावरचा एकजण गुडघा पुढे रेटत राहतो, शेजारचा दात काढतो. मुलगी दोनदा मागे वळून बघते. पलीकडच्या ओळीतल्या गृहस्थाला काय चालले आहे ते कळलेले आहे. त्याने उठून कॉलर धरली तर बसमध्ये मारामारी होईल, मुलीचे नाव गावभर होईल आणि उद्यापासून घरचे तिचे कॉलेज बंद करतील. हा शेवटचा धोका शहरी प्रशिक्षणांत कोणी मोजत नाही; गावात तोच सर्वांत मोठा असतो. त्याऐवजी तो ‘ताई, तुम्ही इकडे बसा, मला उतरायचंच आहे’ म्हणून जागा देऊ शकतो. मागच्याला ‘काय रे, कुठल्या गावचा? कोणाचा तू?’ एवढे विचारू शकतो. ओळख पटली की धिटाई जाते; छेडछाड अनोळखीपणावर जगते. कंडक्टरला हळूच सांगू शकतो. आणि मुली उतरल्यावर विचारू शकतो, ‘घरचं कोणी न्यायला येणार आहे का, की थांबू?’ यातले एकही काम शूराचे नाही.

मुंबईच्या लोकलची तऱ्हा वेगळी. बायकांच्या डब्यांमुळे, आणि १९९२ पासून चर्चगेट-बोरिवली मार्गावर धावू लागलेल्या महिला विशेष गाडीमुळे, डब्यातला त्रास पुष्कळ आटोक्यात आला. पण जिना, पूल आणि फलाट सगळ्यांचेच राहिले. तिथे माणूस थांबत नाही, त्यामुळे लक्ष वळवणे वगैरे निरुपयोगी. तिथे उपयोग होतो तो आवाजाचा आणि साक्षीचा: ‘ओ, काय करताय? बघितलं मी’, आणि मग बाईला ‘तक्रार करायची असेल तर मी थांबतो’. रेल्वेसाठी १३९ आणि इतरत्र ११२ हे क्रमांक पाठ असणे हाही तयारीचाच भाग.

नोंद ठेवण्याच्या मार्गात एक खोच आहे. मोबाइल काढून चित्रीकरण करणे हे आजच्या बघ्याचे पहिले काम झाले आहे आणि तो त्यालाच हस्तक्षेप समजतो. कोणी मदत करत नसताना फक्त चित्रीकरण करणे ही बघ्याचीच नवी भूमिका आहे. मदतीला दुसरे कोणी गेले असेल तर ते उपयोगी, आणि तेही त्या बाईच्या हवाली करण्यासाठी. व्हॉट्सॲप गटात टाकण्यासाठी नाही.

कैरोतल्या अनुभवाने या यादीत आणखी एका माणसाची भर घातली: दुकानदाराची. तिथे २०१० मध्ये सुरू झालेल्या ‘हरासमॅप’ या उपक्रमाचे स्वयंसेवक गल्लीतल्या किओस्कवाल्यांशी, इमारतींच्या रखवालदारांशी बोलत आणि आपल्या दारासमोर त्रास चालू देणार नाही असे त्यांच्याकडून वदवून घेत. पुढे तहरीर चौकातल्या निदर्शनांत बायकांवर झुंडीचे हल्ले होऊ लागले तेव्हा पुरुष आणि स्त्रिया मिळून केलेली पथके गर्दीत शिरून त्यांना सोडवत. किओस्कवाला आपल्याकडच्या टपरीवाल्यासारखाच: दिवसभर तिथेच असतो, प्रत्येक चेहरा ओळखतो आणि उधारी त्याच्या हातात असते. ‘हे धंदे इथं नाही, नायतर पुढं जाऊन थांब’ हे त्याचे वाक्य पोलिसाच्या शिट्टीहून परिणामकारक. महाराष्ट्रात दामिनी पथके, निर्भया पथके कॉलेजांच्या फाटकांवर फिरतात, पण फाटकासमोरच्या टपरीवाल्याला या कामात घ्यायचे फारसे कोणाला सुचत नाही.

आया-बहिणींचा प्रश्न

पुरुषांना आवाहन करताना आपल्याकडे सर्वांत जास्त वापरले जाणारे वाक्य म्हणजे ‘तुझ्या घरात आया-बहिणी नाहीत का?’ फलकांवर आणि भाषणांत तेच असते. ते चटकन लागू पडते, म्हणून वापरले जाते. पण त्याची किंमतही आहे. त्यातून बाई संरक्षणाला पात्र ठरते ती कोणाची तरी आई किंवा बहीण म्हणून. जी तशी वागत नाही, रात्री एकटी चहा पीत उभी असते, तिचे काय, हे वाक्य सांगत नाही. शिवाय बहिणीचे रक्षण करणारा भाऊ बहिणीवर पाळतही ठेवतो. मुंबईतल्या रस्त्यांवरच्या स्त्रियांचा अभ्यास करणाऱ्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी ‘व्हाय लॉइटर?’ या २०११ च्या पुस्तकात हाच मुद्दा उलट्या बाजूने मांडला. बायकांना सुरक्षितता नव्हे तर विनाकारण बाहेर रेंगाळायचा हक्क हवा, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली गरीब, परप्रांतीय, मुसलमान पुरुषांना रस्त्यावरून हुसकले तर तो हक्क कोणालाच मिळत नाही.

हा केवळ तात्त्विक काथ्याकूट नाही. उत्तर प्रदेशात २०१७ मध्ये उभी केलेली ‘अँटी रोमिओ’ पथके छेड काढणाऱ्यांइतकीच बागेत बसलेल्या जोडप्यांच्याही मागे लागली. व्हॅलेंटाईन डेला महाराष्ट्रातल्या शहरांत दुकाने फोडणाऱ्या, जोडप्यांना दटावणाऱ्या टोळक्यांचा दावाही संस्कृती आणि स्त्री वाचवण्याचाच होता. रस्त्यावर एखाद्याला पकडून जमावाने तुडवणे हाही हस्तक्षेपच समजला जातो. त्यात मारणाऱ्यांपैकी कितीजणांनी स्वतः शिट्टी मारलेली असते, हे कोणी विचारत नाही. अशा वेळी बाई बाजूलाच राहते आणि भांडण दोन पुरुषांचे होते. म्हणून जबाबदार प्रशिक्षणांत एक नियम पहिल्यापासून असतो: आधी तिच्याकडे बघा, तिला काय हवे ते विचारा. तिला तिथून फक्त निघायचे असेल तर निघायला वाट करून द्या.

लंडनच्या महापौरांच्या २०२२ च्या मोहिमेत आया-बहिणींच्या वाक्याहून वेगळा सूर लावला गेला. तिच्यातल्या चित्रफितीत रात्री मित्रांचा घोळका उभा आहे, त्यातला एकजण गाडीची वाट बघणाऱ्या तरुणीला सतावतो आणि आवाहन आहे ते बाकीच्या मित्रांना, की त्याला दोन शब्द सुनवा. तिथे बाई कोणाची बहीण नाही आणि सांगणारा नायक नाही. मराठीत असे आवाहन लिहायचे तर ‘ए, बास कर ना’ यापलीकडे शब्द लागणार नाहीत.

कायदा आणि व्यवस्था

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत स्त्रियांविरुद्धचे ४,४५,२५६ गुन्हे नोंदले गेले आणि त्यांपैकी १८.७ टक्के विनयभंगाच्या हेतूने केलेल्या हल्ल्याचे होते. शिट्टी आणि धक्का या मोजणीपर्यंत सहसा पोचतच नाहीत. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर २०१३ मध्ये फौजदारी कायदा दुरुस्त झाला आणि लैंगिक छळ, चोरून पाहणे, पाठलाग हे स्वतंत्र गुन्हे बनले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ७४ ते ७९ मध्ये आहेत: अश्लील शेरेबाजीला एक वर्षापर्यंत, पाठलागाला पहिल्या वेळी तीन आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पोलिसांच्या गस्तीला मर्यादा आहे, हे हैदराबादेत दिसले. तिथे ऑक्टोबर २०१४ पासून ‘शी टीम्स’ फिरतात. त्यांच्याबरोबर झालेल्या एका प्रयोगात वर्दीतल्या गस्तीने जबरदस्तीने अंगाला हात लावणे, धमकावणे असे गंभीर प्रकार घटले, पण एकूण त्रास घटला नाही. शिट्टी आणि शेरा पोलिसालाही फारसे गंभीर वाटत नाहीत. ती जागा पुन्हा आजूबाजूच्या माणसांकडेच येते.

त्या माणसांसाठी कायद्यात थोडे आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१२ च्या एका निकालात छेडछाडीबाबत राज्यांना निर्देश दिले. बस किंवा अन्य सार्वजनिक वाहनात तक्रार आली तर चालक-वाहकाने गाडी जवळच्या पोलीस ठाण्यात न्यावी, न नेल्यास परवाना रद्द व्हावा, आणि असा प्रकार दिसला तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनीही पोलिसांना किंवा हेल्पलाइनला कळवावे, असे त्यात आहे. किती कंडक्टरांना हे प्रशिक्षणात सांगितले जाते, हा आगारात जाऊन विचारण्यासारखा प्रश्न आहे. न्याय संहितेच्या कलम ३५ नुसार स्वतःच्याच नव्हे तर दुसऱ्या कोणाच्याही शरीराच्या बचावाचा हक्क प्रत्येकाला आहे. गरजेपेक्षा जास्त बळ मात्र वापरता येत नाही. साक्षीदारांच्या संरक्षणाची योजना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केली.

‘कशाला लफड्यात पडायचं’ या वाक्यामागे बहुतेकदा गुंडाची नव्हे, तर पोलीस ठाण्यातल्या बाकाची आणि कोर्टाच्या तारखांची भीती असते. हजेरी, रजा, पुन्हा पुढची तारीख. अंबोलीच्या खटल्याचा निकाल यायला साडेचार वर्षे लागली आणि तो तर गाजलेला खटला होता. रस्त्यावरच्या अपघातात जखमीला उचलणाऱ्याच्या मनातली हीच भीती ओळखून मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १३४-अ आले: मदत करणाऱ्यावर दावा लागत नाही आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे कलम अपघातापुरतेच आहे. फलाटावर एखाद्याचा हात धरून ‘बघितलं मी’ म्हणणाऱ्याला ते लागू होत नाही.